गुलाबी फूल

थायलंडमधल्या नान प्रांतात, डोंगरातल्या आरोग्य केंद्रात ओराथाई ही एकटीच नर्स. केंद्राच्या मोबाइलवर रोज तीनेकशे निरोप यायचे. साखरेचे आकडे, ताप, संपलेल्या गोळ्या, आणि या सगळ्यात म्हाताऱ्यांची सुप्रभाताची फुलांची चित्रं. सोमवारी पिवळी, मंगळवारी गुलाबी, बुधवारी हिरवी, तिकडे प्रत्येक वाराचा रंग ठरलेला, त्या रंगाचं फूल. एकदा त्या फुलांखाली एका बाळंतिणीचा निरोप दोन तास दबून राहिला आणि ओराथाई जाम वैतागली. पुढे निरोप निवडून देणारा प्रोग्रॅम आला, तेव्हा फुलं परस्पर ‘बिनकामाचे’ या खणात जातील, अशी सोय तिनेच करून घेतली. डोक्याचा ताप गेला. सकाळ मात्र सुनी सुनी वाटायला लागली, हे तिने कोणाला सांगितलं नाही. सांगायला होतं तरी कोण?

शनिवारी मोबाइल भरला, म्हणून ती तो खण रिकामा करायला बसली. पुसता पुसता प्रयूनकाकांच्या नावाशी थबकली. काका म्हणजे लिचीच्या बागेत एकटे राहणारे निवृत्त बसड्रायव्हर. त्यांचं फूल रोज सहाच्या सुमारास यायचं. दुसऱ्या कोणाचा रंग चुकला, तर त्याला आठवडाभर चिडवणारे हेच. बुधवारी त्यांनी गुलाबी फूल पाठवलं होतं. गुरुवारी गुलाबी, शुक्रवारी गुलाबी. आजही गुलाबीच.

तिने स्कूटर काढली.

काका बांबूच्या बाजेवर टेकून बसले होते. पायाशी केळ्यांच्या साली पडल्या होत्या. तोंड एका बाजूला ओघळलं होतं, उजवा हात मांडीवर लुळा होता आणि डाव्या हातात फोन होता.

“आलीस पोरी,” ते जड जिभेने म्हणाले. “जीभ वळेना गं. लिहिताही येईना. मग म्हटलं, रंग चुकवू. तुझ्या लगेच लक्षात येईल.”

तिला त्यांच्याकडे बघवेना. गाडी मागवायला तिने शहरातल्या इस्पितळाला फोन लावला. हे कधीपासून आहे, असं डॉक्टरांनी विचारलं.

“बुधवार. सकाळी सहा वाजून दहा मिनिटं.”

“इतकं नेमकं? मग तेव्हा तिथे कोणी होतं का?”

“नाही,” ओराथाई म्हणाली. “त्यांनी मला कळवलं होतं.” आणि काकांसमोरच तिला रडू कोसळलं.