व्हरांड्यातले पालथे दगड

मुळशी धरणाच्या काठावर एक जुना दगडी बंगला आहे. धरण बांधणाऱ्या साहेबांच्या मुक्कामासाठी तो उभा राहिला. आता तिथे शनिवार-रविवारी पाहुणे उतरतात. त्या दिवशी व्हरांड्यात बंगल्याच्या इतिहासाची पाटी रंगवायचं काम चाललं होतं. व्यवस्थापक मृण्मयी, मूळची लातूरची, मजकूर वाचत होती आणि वाल्मीक पेंटर ऐकत होता.

स्वागतकक्षात काम करणारी पायल आज आजीला, केशरबाईला, सोबत घेऊन आली होती. केशरबाईने सगळं ऐकून घेतलं.

"गावाचं नाव कुटं हाय ह्यात?"

"कुठल्या गावाचं, आजी?"

"जांभूळपेठंचं. पान्याखाली गेलं ते. त्याच घरांच्या दगडांनी ह्यो बंगला बांदला. माझी आजेसासू म्हनायची, आपल्या उखळावर साहेब खुर्ची टाकून च्या पितोय."

मृण्मयी संकोचली. "मालकांनी बजावलंय, ऐकीव काही लिहायचं नाही. पुरावा लागेल."

"तुज्या पायाखालीच हाय की!"

पूर्वी इकडच्या घरांत भात कांडायचं उखळ जमिनीतच पुरलेलं असे. जाड दगड आणि मधोमध वाटीसारखा खळगा. केशरबाईचं म्हणणं असं, की गवंड्यांनी तेच दगड फरशीला वापरले. खळगा खाली, पाठ वर.

तिने कुंडीजवळचा गोटा उचलला आणि बसल्या बसल्या फरश्या ठोकत सरकू लागली. पायल लाजली. "आज्ये, लोक बघतायत."

"बघू दे. आज पाटी लागली का मग कोन काढतंय? आन् गावाचं नाव घेनारी आमी दोन-चारच उरलोय."

एक फरशी बद्द वाजली. वाल्मीकने बागेतली पहार आणून ती उचकटली. खालची माती उंदरांनी पोखरली होती. दगड मात्र दोन्ही बाजूंनी सपाट.

"आजी, उंदरांचा इतिहास लिहू का?" वाल्मीक म्हणाला.

"तुज्या घरचाच आसंल तर लिव्ह," असं म्हणून केशरबाई पुढे सरकली. तिचा आवाज मात्र बारीक झाला होता. मृण्मयीने घड्याळ पाहिलं. मग तिने वाटेतल्या दोन खुर्च्या उचलून बाजूला ठेवल्या.

तिसऱ्या खांबापाशी पुन्हा पोकळ आवाज आला. या वेळी पहारीला तिघांचे हात लागले. दगड कुशीवर वळला. मातीने भरलेला एक गोल खळगा दिसला. पायलने बोटांनी माती काढली. आतला दगड मुसळाच्या घावांनी गुळगुळीत झाला होता.

केशरबाईने खळग्यात मूठ घालून पाहिली. "कुनाचं का आसंना," ती म्हणाली, "जांभूळपेठंचं हाय."

मृण्मयीने फोटो काढून मालकांना पाठवला आणि फोन लावला. बोलणं बराच वेळ चाललं. परत आली तेव्हा तिने हातातला मजकुराचा कागद घडी घालून खिशात ठेवला.

"वाल्मीकदादा, मालक तयार झाले. सुरुवात गावापासून करा. साहेब दुसऱ्या ओळीत."

"दुसऱ्या ओळीत एवढं मोठं नाव मावायचं न्हाई, म्याडम."

"मग बारीक लिहा."

"आन् ह्यो दगड? पालथाच बसवू?"

"सुलटा बसीव," केशरबाई म्हणाली.

"पाव्हन्याचा पाय अडकंल."

"तर भिंतीला चिकटून बसीव. पन सुलटा."

ती खांबाला टेकून बसली, पायलने आणलेला चहा बशीत ओतला आणि वाल्मीकचा कुंचला 'जां' काढतो तो बघत राहिली.