हबच्या मानेवरचा श्री

‘लेथ-कामगाराच्या निष्काळजीपणामुळे हबवर ओरखडा राहिला आणि सरावात हब तुटला,’ असा चौकशी समितीचा निष्कर्ष होता. समिती म्हणजे एकटे यंत्र विभागप्रमुख रविराज सर. साडेतीन पानांत धातूचे नाव एकदाही नव्हते. ज्या फिरत्या भागावर चाक आवळतात तो हब कशाचा होता हे न सांगता तो का तुटला हे सांगायचे, म्हणजे प्रेत न पाहताच मृत्यूचा दाखला लिहायचा. आणि ओरखडा? तो कोणी पाहिला, याविषयी अहवाल विद्वत्तापूर्ण मौन पाळून होता.

धातुशास्त्र शिकवणाऱ्या सत्यशीलाबाईंनी कागद शांतपणे मिटला. राहात्याजवळच्या त्या महाविद्यालयातल्या मुलांनी बांधलेल्या शर्यतीच्या गाडीचे चाक गेल्या मंगळवारी धावतेवेळी निखळले होते. गाडी चालवणाऱ्या जयाचे मनगट मोडले. आज चार वाजता संस्थेची बैठक होती, आणि तीत लेथ-कामगार भिमाजीला कामावरून काढायचे ठरत होते.

“बावीस वर्सं लेथवर हाय म्याडम,” समोर बसलेला भिमाजी म्हणाला. “पन कागदावर लिवलंय. आता माझं कोन ऐकतंय?”

“कागद राहू दे मामा. तुकड्याला विचारू.”

त्यांनी तुटका हब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि श्वास रोखला. हे दृश्य त्यांनी शेकडो वेळा पाहिले होते, तरी दर वेळी त्यांचा श्वास असाच अडत असे. शिंपल्यावर असतात तशा एकामागून एक वळत गेलेल्या रेषा! सरावाचा एकेक दिवस धातूने कोरून ठेवला होता. वेगाने घेतलेले प्रत्येक वळण त्याच्या स्मरणात होते. पोलाद उदार असते. ठरावीक मर्यादेखालचा ताण त्याला लाख वेळा द्या, ते मनावर घेत नाही. हा हब अ‍ॅल्युमिनियमचा होता, आणि अ‍ॅल्युमिनियमला असे विसरणे ठाऊकच नाही. ते वाईट नव्हे. त्याला जाड घेर, गुळगुळीत वळण आणि मोजून दिलेले आयुष्य लागते.

साऱ्या रेषा एकाच ठिपक्यातून निघाल्या होत्या. हबच्या मानेवर पंचाने, म्हणजे टोकदार पोलादी खिळ्याने, ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेल्या ‘श्री’च्या शेवटच्या ठिपक्यातून.

“हा कोणी ठोकला?”

भिमाजी घुटमळला. “खंडेनवमीला, पूजेत. दरसाली सरच ठोकत्यात. हळदकुंकू माझं, हातोडी त्यांची.”

“जुन्या हबांवरही?”

“व्हय की. चार सालांचे चार हायेत कपाटात. पोलादाचे. लई दणकट.”

बाईंनी चारही तपासले. तोच श्री, तीच जागा, तसाच घाव. चिरेचा मागमूस नाही. चार वर्षे पोलादाने एक चूक निमूट पोटात घातली होती. त्या मूक सोशिकतेपुढे बाईंचे हात क्षणभर थांबले.

पावणेचारला त्या सरांच्या खोलीत शिरल्या. हब, सूक्ष्मदर्शक आणि भिमाजी बरोबर होते. चीर ‘श्री’पासून निघाल्याचे त्यांनी सांगितले.

“देवाच्या नावाने हब तुटतो म्हणता?” सर हसले. “बैठकीत सांगा मॅडम. गाव वर्गणी काढून तुम्हाला सत्कारासह निरोप देईल.”

“देव निर्दोष आहे सर. पंचाबद्दल बोलते आहे. जरा पाहा.”

सर वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. ते उठले तेव्हा हसू नव्हते. खूप मोठे काही पाहून आलेल्या माणसाचा चेहरा होता. पेन उघडून त्यांनी अहवालाच्या शेवटच्या पानावर आडवी रेघ ओढली. खाली लिहिले आणि सही करून कागद भिमाजीपुढे सरकवला. भिमाजीने तो वाचला नाही. बाईंनी मोठ्याने वाचला:

“वजन कमी व्हावे म्हणून पोलादाऐवजी अ‍ॅल्युमिनियम मी निवडले. पोलादाने सोसले ते हेही सोसेल असे धरले. पंच मी ठोकला. ‘सर, मानेवर नका, कडेला ठोका,’ असे भिमाजी म्हणाला होता. मी म्हणालो, ‘कडेला ठोकला तर फोटोत दिसणार नाही.’”