नावं ठेवण्याजोगी बिअर

आमच्या टेबलावर कुणी कशाचं कौतुक केलं की समजावं, काहीतरी बिनसलंय. आमच्या जर्मनीतल्या फ्रांकेन भागातल्या खेड्यांत ही रीतच आहे. पदार्थ जमला की त्याला नावं ठेवायची, आणि ठेवता ठेवता ताट चाटूनपुसून साफ करायचं. स्तुती करायची ती बदली झालेल्या पाद्र्याची, नाहीतर मेलेल्या माणसाची. माझा नवरा जिवंत होता तोवर अख्ख्या गावाने त्याला शिव्या घातल्या, आणि पुरला त्या दिवशी बघता बघता देवमाणूस झाला.

मी बाबेट. माझा भाऊ लोरेन्झ बिअर करतो. त्याच्याआधी आमचे वडील करायचे, त्यांच्याआधी आजोबा. मी पुढच्या खोलीतल्या आमच्या बिअरखान्यात लोकांचे मग भरते आणि त्यांची तोंडं आवरते. दुसरं काम जास्त जड आहे.

या हिवाळ्यात लोरेन्झच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्याला कढईची शिडी चढवेना, म्हणून त्याची लेक आफ्रा म्युनिकच्या मोठ्या कारखान्यातून रजा काढून आली. तिथे म्हणे बटणं दाबली की बिअर तयार. इथे तांब्याची जुनी कढई, खाली लाकडाचा जाळ आणि ढवळायला पुरुषभर उंचीचं लाकडी वल्हं. पोरीने सगळं एकटीने केलं. बापाला तिने दारातूनही डोकावू दिलं नाही. पिंपं तळघरात मुरायला ठेवली आणि मला बाजूला ओढून म्हणाली, "आत्या, कुणाला बोलू नकोस हं. टेबलावरच्या मंडळींनी ही बिअर आपली मानली ना, तर मी परत जाणार नाही. इथेच राहीन."

"आणि नाही मानली तर?"

"मग कुठल्या तोंडाने राहू गं?"

लोरेन्झमागे ती कढई मोडीत जाणार, हे मला रोज दिसायचं. पोरीला राहा म्हणायची छाती नव्हती, आणि आता तीच म्हणत होती.

ईस्टरनंतरच्या रविवारी चर्च सुटलं आणि नेहमीची मंडळी येऊन बसली. एर्हार्ड गवंडी, त्याच्या जिभेला हाड नाही. शेजारी फाइट, तो शाळेची बस चालवतो. आणखी दोघंतिघं. लोरेन्झ शेगडीजवळच्या बाकावर पाय पसरून बसला होता. पहिले मग आफ्राने स्वतः आणून ठेवले.

एर्हार्डने मोठा घोट घेतला. मिशीवरचा फेस पुसला.

"छान आहे," तो म्हणाला.

"सुरेखच!" फाइट म्हणाला. "आणि रंग काय सुंदर आलाय!"

रंग! हा मेला बिअरचा रंग बघायला कधी शिकला? बाकीच्यांनीही माना डोलावल्या, जसं काही कुणाच्या मयताला आलेत. आफ्राचा चेहरा पांढराफटक पडला. "थँक्यू," एवढंच म्हणून ती आत गेली. मी मागोमाग. ती मुळ्याचे काप करायला बसली होती, आणि सुरी कुठे चाललीय याकडे तिचं लक्ष नव्हतं.

"ऐकलंस ना? सुरेख म्हणाले. इतकी वाईट झालीय का गं?"

"मी काल चाखली की. मला नव्हती वाटली वाईट."

"तू माझी आत्या आहेस. राहू दे. उद्याच्या गाडीने जाते मी."

खरं सांगते, मला ती बिअर एवढी आवडली होती की मी तिच्यात तीन खोड्या काढून ठेवल्या होत्या. माझं डोकंच फिरलं. तशीच बाहेर आले. बघते तर काय, सगळ्यांचे मग रिकामे.

"काय रे ए एर्हार्ड, सुरेख काय? माझ्या लग्नातल्या जेवणालासुद्धा तू चिखल म्हणाला होतास!"

"माझ्यावर कशाला ओरडतेस? भावाला विचार तुझ्या."

लोरेन्झने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

"लोरेन्झ!"

"अगं, पोर इतक्या वर्षांनी घरी राहायला आली," तो पुटपुटला. "म्हटलं, हे लोक तिला रडवतील. चार शब्द गोड बोला म्हणालो. जो वाकडं बोलेल त्याला बिअर मिळणार नाही."

"गाढव कुठला! जन्म या गावात काढलास आणि एवढी अक्कल नाही? आत ती बॅग भरायच्या गोष्टी करतेय. तिला वाटतंय, गटारात ओतायच्या लायकीची झालीय." मग मी टेबलाकडे वळले. "तोंडं उघडा रे. तुमचे मग मी भरते, तो नाही."

"सुटलो बाई, गोड बोलून जीभ आखडली होती!" एर्हार्ड म्हणाला. "कडू आहे. जहर. दुसऱ्या मगाला गोड लागायला लागते, म्हणजे माणसाने दोन घ्यायलाच हव्यात. लूट आहे नुसती!"

"आणि हलकी किती!" फाइट पुढे सरसावला. "किती प्यालो ते कळतच नाही. घरी बायकोला काय सांगू?"

"शेजारच्या बुखाऊ गावची बिअर घेतली की निदान डोकं तरी दुखतं," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं. "काहीतरी घेतलं असं वाटतं."

"कडू काय, एर्हार्डकाका?" आफ्रा सुरीसकट दारात उभी होती, गाल लालबुंद. "जीभ आहे की फरशी तुमची?"

टेबल असं हसलं की वरचे मग हलले. मलाही हसू आवरेना. आफ्राने एक मग भरला आणि बापाच्या हातात दिला.

लोरेन्झ सावकाश प्याला. "हॉप्सची फुलं शेवटी घातलीस?"

"हो."

"कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही."

"कळतंय ते." पुन्हा एक घोट. "पुढच्या वेळी जरा आधी घाल."

"बाबा, म्हणजे मी राहू?"

लोरेन्झला आधी समजलंच नाही. मग समजलं. त्याने हातातला मग तोंडाला लावला, आणि मी एप्रनआड तोंड लपवलं. वर बघितलं तेव्हा त्याचा मग तळापर्यंत रिकामा होता आणि डोळे भरले होते. लेकीशी बोलायचं सोडून तो एर्हार्डवर घसरला.

"काय रे, माझ्या पोरीच्या बिअरला सुरेख म्हणालास तू?"

"अरे, तूच सांगितलं होतंस!"

"सांगितलं म्हणून काय झालं? पुन्हा माझ्या घरात तिच्या बिअरला चांगलं म्हणालास, तर याद राख."