ट्रेव्हरला खुर्चीसकट उचललं तेव्हा

निकोलस डाबरेच्या रोझरी मंडळात देव सोडून बाकी सगळ्यावर भांडणं होत. मंडळ म्हणजे बहारीनमध्ये नोकरीला आलेली वसईची वीस-बावीस माणसं. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी दुपारी ती निकोलसच्या मुहर्रकच्या फ्लॅटवर जमत. आधी रोझरीची माळ, मग एकेका संताचं नाव घेऊन म्हणायची लितानी, मग तळलेले गोल फुगे, डुकराच्या मटणाचं सोरपोतेल आणि वाइन. भक्तीचा जोर शेवटच्या भागात जास्त असे.

त्या शेवटच्या भागाच्या वाटेत आडवा पडलेला होता अध्यक्ष ट्रेव्हर परेरा. वजन एकशे दहा किलो, आवाज रिकामं पिंप गडगडावं तसा. पण लितानी म्हणणार तोच, आणि तीही पाऊण तास. एखादा संत सुटल्याची शंका आली की मागचे पाच संत तो पुन्हा घ्यायचा. एसीसमोरची खुर्ची त्याची. कुणी चुकून त्यात बसलं तर तो शेजारी उभा राहून खोकत असे. गेल्या खेपेला कुणीतरी म्हणालं, "आज मी म्हणू का लितानी?" तर ट्रेव्हर प्रार्थनेचं पुस्तक घेऊन त्याच्या अंगावर धावला.

निकोलस होता सेक्रेटरी. सीफ भागातल्या एका हॉटेलात तो बँक्वेट, म्हणजे मोठ्या मेजवान्या, सांभाळायचा. चारशे माणसांना एका वेळी शांतपणे जेवू घालणारा हा गृहस्थ वीस भाविकांपुढे मात्र हात टेकायचा.

त्याची भाची ग्लेनिस इथल्या एका शाळेत इतिहास शिकवायची. त्याचं रडगाणं ऐकून ती हसली. "मामा, हे दुखणं जुनं आहे. ग्रीक लोकांचीही अशीच खासगी मंडळं होती. बंदरात कामाला आलेले परके लोकसुद्धा आपापल्या देवाचं मंडळ काढायचे. अथेन्समध्ये तर दारूच्या देवाचं होतं. अठराशे वर्षांपूर्वी त्यांनी नियम दगडावर कोरून ठेवले."

"काय नियम?"

"दुसऱ्याच्या जागेवर बसायचं नाही. मारामारी नाही. मध्येच गाणं नाही, आरडाओरडा नाही."

"म्हणजे आमचंच मंडळ की!" निकोलस सरसावून बसला. "आणि कुणी ऐकलं नाही तर?"

"चिठ्ठी टाकून एक शिस्तप्रमुख निवडायचे. तो देवाची काठी, वेल गुंडाळलेली आणि टोकाला पाइनचं बोंड असलेली, आणून गोंधळ घालणाऱ्या माणसाजवळ ठेवायचा. काठी ठेवली की निमूट बाहेर जायचं. नाही गेलं तर उचलून बाहेर काढायला माणसं नेमलेली असत. त्यांना घोडे म्हणत."

निकोलसला त्या रात्री घोड्यांचीच स्वप्नं पडली असावीत. पुढच्या महिन्याच्या शुक्रवारी तो पडद्याचा दांडा घेऊन हजर. दांड्याला हॉटेलच्या सजावटीतली प्लॅस्टिकची वेल गुंडाळलेली आणि टोकाला नाताळच्या झाडावरचं पाइनचं बोंड.

"कॅथलिकांच्या घरात दारूच्या देवाची काठी?" ट्रेव्हर गरजला.

"दारू चालते ना? मग काठीला काय झालं?" निकोलसची बायको मॅग्डलीन म्हणाली.

ठराव पास झाला. घोडे म्हणून दोघे नेमले. एक विमानतळावर सामान चढवणारा इयान. दुसरा कोकणातला ड्रायव्हर जयप्रकाश. तो हिंदू, फक्त सोरपोतेलसाठी यायचा, म्हणून निःपक्षपाती. शिस्तप्रमुखाची चिठ्ठी काढली. निघालं मॅग्डलीनचं नाव. तीस वर्षं निकोलस तिच्या शिस्तीत राहत होता.

लितानी सुरू झाली. विसाव्या मिनिटाला ट्रेव्हर मागच्या पाच संतांकडे वळला, तशी मॅग्डलीन उठली आणि तिने दांडा त्याच्या पायाशी ठेवला. ट्रेव्हरने डोळे मिटले आणि आवाज चढवला.

"घोडे!" मॅग्डलीन म्हणाली.

इयान आणि जयप्रकाशने त्याला खुर्चीसकट उचललं. तो लितानी म्हणतच दाराबाहेर गेला, आणि सवयीने सगळे "आम्हांसाठी विनंती कर" म्हणत राहिले.

दहा मिनिटांनी तळमजल्यावरच्या वयस्कर शेजारीण तय्यबा बाजी वर आल्या. "नीचे गाड़ी में कोई साहब रो रहे हैं. बीमार हैं क्या?"

"रो नहीं रहे, गा रहे हैं," मॅग्डलीन म्हणाली.

"नहीं बेटी. पहले गा रहे थे. अब रो रहे हैं."

मॅग्डलीनने दोन ताटं भरली, निकोलसच्या हातात दिली आणि दांडा त्याच्या पायाशी टेकवला. "हे खूळ तू आणलंस. जा आता."

पार्किंगमध्ये ट्रेव्हर गाडीचा एसी लावून बसला होता. निकोलस शेजारी शिरला. दोघं खाऊ लागले.

"एवढी लांबवतोस का रे?" खाता खाता निकोलसने विचारलं.

ट्रेव्हरने फुग्याचा तुकडा रश्शात बुडवला. "संपली की सगळे ताटाकडे वळतात. मग महिनाभर अरादच्या माझ्या त्या भाड्याच्या खोलीत मी आणि टीव्ही. मुलं कॅनडात, फोन उचलत नाहीत. लितानीत कसं, मी एक ओळ म्हटली की वीस माणसं उत्तर देतात."

सांत्वनाचे शब्द निकोलसला कधीच जमले नव्हते. "मग मला फोन करायचा ना, गाढवा," तो म्हणाला.

वर मॅग्डलीनने अर्धवट राहिलेली लितानी अकरा मिनिटांत उरकली आणि त्याच उत्साहात लोकांनी तिला अध्यक्ष करून टाकलं. ट्रेव्हरने हरकत घेतली नाही. त्याला दुसरं काम मिळालं होतं.

तो रोज निकोलसला फोन करतो. नेमका बँक्वेट ऐन रंगात असताना. आज कुठला मासा आणला, खालच्या दुकानदाराने काय म्हटलं, टाचेचं दुखणं कुठवर आलं, सगळं सांगतो, आणि काही सुटल्याची शंका आली तर मागून पुन्हा घेतो. निकोलस कपाळाला हात लावतो. मग फोन खांद्यात धरतो, "हां, बोल, पुढे?" म्हणतो आणि बुफेच्या भांड्यांवर झाकणं ठेवत राहतो.