म्हावऱ्यातला म्ह

मी एक खरखरीत फॉन्ट आहे. मित्रांनो, फॉन्ट म्हणजे संगणकातली अक्षरं. पण माझा जन्म कागदावर झाला. डोंबिवलीची कादंबरी नावाची अक्षरचित्रकार रुंद कुंचला शाईत बुडवायची, जरा निथळू द्यायची आणि एका दमात अक्षर ओढायची. शाई संपत आली की फटकाऱ्यात पांढऱ्या रेघा उरत. त्या रेघांसकट तिनं मला संगणकात घेतलं.

ज्या कंपनीसाठी तिनं मला घडवलं, तिथल्या साहेबांनी तोंड वाकडं केलं. "मॅडम, हे फाटल्यासारखं दिसतंय. जरा स्मूथ करा ना." कादंबरीनं रेघा पुसल्या नाहीत. काम गेलं. माझी जोडाक्षरं अर्धवट राहिली आणि मी कितीतरी महिने एका फोल्डरात पडून राहिलो. कुणी उघडायचंसुद्धा नाही. फार वाईट वाटायचं.

मग तिच्या मित्रानं, प्रितमनं, मला मागून घेतलं. मानपाड्याला त्याचं पाट्या बनवायचं दुकान आहे. तिथं दिवा गावाहून शेवंतीबाई आल्या. जन्मभर डोक्यावर टोपली घेऊन मासे विकलेल्या बाई. आता स्वतःचा गाळा घेतला होता. सगळे नमुने बघून त्यांनी माझ्यावर बोट ठेवलं. "ह्यो बरा. आमच्या होडीवर नाव घातल्यावानी दिसतंय."

मी हरखलो. पण प्रितमनं 'शेवंतीचा म्हावरा' टाईप केलं आणि माझी फजिती झाली. म लंगडा, त्याच्या पायाशी तिरकी रेघ, आणि ह लांब उभा. 'म्ह' मला येतच नव्हता.

"मावशी, 'मासळी' टाकू का? सेमच आहे ना."

"सेम कसा? आमी म्हावराच म्हनतो. नाव बदलाचा नाय."

"मग दुसरा फॉन्ट घेऊ. परवा ओपनिंग आहे तुमचं."

"अक्षर पन ह्योच पायजे."

प्रितमनं कादंबरीला बोलावलं. तिनं संगणकावरच म कापला आणि ह ला चिकटवला. शेवंतीबाई स्क्रीनपाशी वाकल्या. "बाय, जोड दिसतंय."

कादंबरीनं तो म्ह पुसून टाकला. मग म्हणाली, "खरंय मावशी. परत लिहिते."

घरी जाऊन तिनं कुंचला काढला. कधी शाई मधेच सुकायची, कधी ह चं पोट फुगायचं. खोलीभर कागद झाले. मनगट भरून आलं की ती हात झटकायची आणि पुन्हा बसायची. मीही हट्टाला पेटलो होतो. हे अक्षर घेतल्याशिवाय आता मागे हटायचं नाही! शेवटी एक म्ह उतरला, म मधून निघून थेट ह मध्ये वळलेला, कुठेही न तुटलेला. तरी ती उठली नाही. न्ह, व्ह, ल्ह, राहिलेलं एकेक जोडाक्षर तिनं कुंचल्यानंच लिहून काढलं.

ओपनिंगला पाटी लागली. शेवंतीबाई रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या आणि तिथूनच मोठ्यानं वाचू लागल्या. येणारे-जाणारे थांबून वर बघत होते.

मित्रांनो, तुमच्या घरातला एखादा शब्द आमच्यात बसला नाही, तर तो शब्द बदलू नका. आम्हाला पुन्हा लिहायला घ्या. आम्ही शिकतो.