घंटेपासून आशीर्वादापर्यंत

पहिलं गीत संपून मंडळी खाली बसली, तेव्हा रत्नाकर साळवेही बसले. मागच्या बाकांवर कुजबूज झाली. साळवे भैया उपासनेत बसले, हे नवलच होतं.

फॅक्टरीतून फिटर म्हणून निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती, पण हात काही निवृत्त झाले नव्हते. चर्चचे पंखे, माइक, दाराच्या कड्या, चहाची शेगडी, दीक्षितपुऱ्यातून म्हाताऱ्या सत्यवतीबाईंना स्कूटरवर आणणं, सगळं त्यांच्याकडे. उपदेश त्यांनी आयुष्यभर दारात उभं राहून ऐकला, तोही तुकड्या-तुकड्यानं. बायको बेबी मात्र डावीकडच्या तिसऱ्या बाकावर डोळे मिटून निवांत बसायची. शेजारच्या जागेवर तिची पर्स. "तू दोघांची प्रार्थना कर, मी दोघांचं काम करतो," असं ते म्हणायचे आणि ती हसायची. एकेचाळीस वर्षं हे असंच मजेत चाललं होतं.

महिन्यापूर्वी डॉक्टरांनी सांगितलं की बेबीच्या हृदयाची झडप बदलावी लागेल. ऑपरेशन नागपूरला ठरलं, मंगळवारची तिकिटं काढून झाली. शनिवारी मेथी निवडता निवडता तिनं एवढंच मागितलं होतं.

"उद्या माझ्याजवळ बसा. घंटेपासून आशीर्वादापर्यंत."

"अन् माइक कोण पाहील?"

"कोणीतरी पाहील ना जी. मी काहून म्हणून राहिले, ते समजून घ्या."

त्यांनी लगेच होकार दिला. पण बसणं वाटलं तितकं सोपं नव्हतं. आधी गुडघा हलायला लागला. मग हाताला बाकाखालचा एक ढिला स्क्रू लागला आणि ते नखानं तो पिळत राहिले. शेवटी बेबीनं त्यांचा हात उचलून आपल्या मांडीवर ठेवला. मागच्या बाकावर कुणीतरी हसू दाबलं.

उपदेशानंतर पाळकांनी बेबीदीदीसाठी पाच मिनिटं मूक प्रार्थना करायला सांगितलं. चर्च शांत झालं, आणि नेमकी त्याच वेळी गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली. सायकलच्या शेडवर, पत्र्यावर धो धो पाणी. सगळ्यांनी एकेक डोळा उघडून रत्नाकरांकडे पाहिलं. त्यांना आवाजावरूनच कळलं होतं, टाकीतला पाणी अडवणारा बॉल अडकलाय. स्वयंपाकघरामागची पाण्याची चावी बंद केली की झालं, दोन मिनिटांचं काम. ते अर्धे उठलेही. बेबीनं त्यांना अडवलं नाही. फक्त तिचा हात मांडीवर तसाच उघडा राहिला. त्या हाताकडे पाहून ते परत खाली बसले.

गायनवृंदातली रोशनी चपला हातात घेऊन बाहेर पळाली. पाणी थांबलं. ती चावी या पोरीलाही ठाऊक आहे, याचं रत्नाकरांना थोडं वाईट वाटलं आणि बरंचसं हलकं वाटलं.

आता करायला काही उरलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटले. महिनाभर ते रिपोर्ट, तिकिटं, रक्त देणारी माणसं, दवाखान्याजवळची खोली यांच्यामागे धावत होते. नागपूरहून आपण एकटेच परत आलो तर, हा विचार इतके दिवस त्यांच्या मागून धावत होता. आज त्यानं त्यांना बसलेलं गाठलं. त्यांनी बेबीचा उघडा हात घट्ट धरला.

"भीती वाटून राहिली ना?" बेबीनं डोळे न उघडता हळूच विचारलं.

"हो."

"मला पण. मी रोज सांगते देवाला. आज तुम्ही सांगा."

रत्नाकरांनी सांगायला सुरुवात केली. मनात "प्रभू" एवढंच आलं, पुढचं वाक्य काही सुचेना. पण तेवढ्यावरच ते बसून राहिले, आणि पाळकांनी आमेन म्हटलं तेव्हा त्यांना वाटलं, पाच मिनिटं एवढी लहान असतात?

आशीर्वाद होईपर्यंत ते हलले नाहीत. बाहेर सत्यवतीबाईंनी चहाचा घोट घेऊन तोंड वाकडं केलं आणि आज चहा कुणी केला म्हणून विचारलं. सगळे हसले. रत्नाकरही हसले, पण नजर गच्चीकडे गेलीच.

"चला," बेबी म्हणाली. "मी शिडी धरते."

"डॉक्टर काय बोलले तुला?"

"उचलू नको बोलले. धरू नको नाही बोलले."

रत्नाकर वर चढले, बाह्या सारून टाकीत हात घातला. बॉलच्या दांडीला शेवाळ धरलं होतं. ते खरवडून त्यांनी बॉल मोकळा केला, दोनदा वर-खाली करून पाहिला. मग उतरायला वळले आणि खाली पाहिलं. पदर खोचून, दोन्ही हातांनी शिडी धरून बेबी उभी होती. डोळे मिटलेले, ओठ हलत होते.

काम झाल्याचं त्यांनी सांगितलं नाही. तिची प्रार्थना होईपर्यंत ओले हात मांडीवर ठेवून ते गच्चीच्या कठड्यापाशी बसून राहिले.