शिंगीचा रस्सा आणि हिदलची वाटी

व्याही पहिल्यांदा घरी जेवायला येणार म्हटल्यावर शेफाली पुरकायस्थची झोप उडाली, आणि तीही माशापायी. आसामातल्या सिलचरमध्ये यजमानाची पत पानातल्या माशावर ठरते. वर्षापूर्वी तिने आपली पियाली कोलकात्याच्या घोषालांकडे दिली होती. आता ती सासू-सासऱ्यांना घेऊन माहेरी आली होती. जावयाला रजा मिळाली नव्हती.

"मा, त्यांना सगळं सौम्य लागतं हं," पियालीने निघण्याआधीच फोनवर बजावलं होतं. "सासऱ्यांचं पोट नाजूक आहे. आणि सासूबाईंना वास अजिबात खपत नाही. कुठे सुकी मासळी भाजली तर दिवसभर खिडक्या लावून बसतात. हिदलचं तर नावसुद्धा काढू नकोस."

हिदल म्हणजे मडक्यात महिनोन्‌महिने आंबवलेले बारके मासे. लसूण-मिरची घालून त्याची चटणी परतायला घेतली, की आपल्याकडच्या सुक्या बोंबलाने कान धरून उठाबशा काढाव्यात असा वास सुटतो. माहेरी असताना पियालीचा पहिला घास त्याचाच असायचा. पण आता आलेली लेक गळ्याची हाडं दिसण्याइतकी वाळली होती. तरी शेफालीला एकच धास्ती होती, 'कुजकी मासळी खाणाऱ्यांची पोर' हा शिक्का लेकीच्या कपाळी बसता कामा नये.

सकाळी बाजारात तिचा नवरा, बिधुभूषणबाबू, इलिश माशापाशी पाय रोवून उभे राहिले.

"हा घेऊ. व्याही आहेत, काही साधंसुधं नाही."

"वास दोन दिवस हाताला राहतो. नको."

"मग चितळ मासा?"

"पोटाला जड."

"पाबदा? अगदी मऊसूत असतो."

"त्याला तेल सुटतं. घोषालबाबूंना त्रास झाला तर बोल पोरीला बसेल." आणि शेफालीने शिंगीच्या टोपलीकडे बोट दाखवलं.

बिधुभूषणबाबूंच्या हातातली पिशवीच गळाली. "शिंगी? अगं, घरात कुणाला टायफॉईड झालाय की कोण बाळंत झालंय? व्याह्यांना आजाऱ्याचा रस्सा वाढणार?"

"हळू बोला! सौम्य म्हणजे सौम्य."

त्यांनी कपाळाला हात लावला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याला कुठे गप्प बसावं हे कळतं, त्यांनाही कळलं. फक्त परत येताना शेफालीने त्यांची नजर चुकवून हिदलही घेतलं. व्याही-विहीण बिधुभूषणबाबूंबरोबर नदीकाठी फिरायला गेल्यावर दारंखिडक्या लावून तिने चटणी केली, झाकणावर पाटा ठेवून वाटी मागच्या कोठीत दडवली आणि घरभर धूप फिरवला. पाहुणे झोपले की तिथे जाऊन चार घास खा, असं तिने लेकीच्या कानात सांगून ठेवलं.

संध्याकाळी पानं मांडली. कच्चं केळं, कच्ची पपई, जिऱ्याचं पाणी म्हणावा असा रस्सा आणि त्यात शिंगी. घोषालबाबूंनी आशेने वाटी पुढे ओढली, आत डोकावून पाहिलं आणि त्यांचा चेहरा शाळेतल्या नापास पोरासारखा झाला.

"विहीणबाई," ते खोल आवाजात म्हणाले, "माझ्या डॉक्टरांचा तुम्हाला फोन आला होता का?"

"नाही हो! का?"

"घरी रोज हेच जेवतो मी. गाडीत रात्रभर म्हणत होतो, व्याह्यांकडे जातोय, एक दिवस तरी सुटका होईल."

बिधुभूषणबाबूंनी बायकोकडे पाहिलं नाही, पण त्यांचे खांदे हसत होते. शेफालीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. एवढ्यात पियाली "मीठ आणते" म्हणून उठली, ती परत येईना. आणि मग धुपाला न जुमानता तो वास आला. विहीणबाईंचा, सुप्रभाबाईंचा, घास हातातच थांबला. त्यांनी पदर नाकाला लावला आणि तशाच उठून वासामागे चालू लागल्या.

"अहो दीदी, तिकडे सगळा पसारा आहे!" म्हणत शेफाली मागे धावली, पण उशीर झाला होता.

कोठीत सून उकिडवी बसली होती. मांडीवर भाताची थाळी, बोटांना लाल चटणी, नाकाडोळ्यांतून मिरचीचं पाणी. सासू-सासरे पानावर असताना सून आडोशाला बसून जेवते, यापेक्षा मोठा गुन्हा शेफालीला ठाऊक नव्हता. संपलं, तिच्या मनात आलं.

"मी केलं ते," ती घाईने म्हणाली. "तिची काही चूक नाही. बोलायचं ते मला बोला."

सुप्रभाबाई सुनेकडेच बघत होत्या. पियालीने घास गिळला नाही, थुंकलाही नाही.

"वर्षभर माझ्या घरी पाखरासारखं दोन दाणे टिपून उठायचीस," सुप्रभाबाई पदराआडून म्हणाल्या. "मला वाटायचं, माझ्या हातालाच चव नाही. रोज काहीतरी नवं करून बघायची मी. आणि तुला हे हवं होतं? तोंडाने सांगता आलं नाही?"

"तुम्हाला वास..." पियाली म्हणाली.

"वास येतोच आहे. मेलेल्यालाही उठवेल असा येतोय. पण तू खा. आधी ते ताट संपव."

घोषालबाबू दारात येऊन ठेपलेच होते. "जरा बोटाच्या टोकावर मलाही..."

"तुम्ही पानावर जाऊन बसा!" सुप्रभाबाई कडाडल्या. पण शेफालीने डोळे पुसत घोषालबाबूंच्या वाटीत शिंगीच्या रश्श्यावर चटणीचा एक ठिपका ठेवलाच. त्यांना ठसका लागला, टक्कल घामाने चमकू लागलं, आणि त्यांनी भात पुन्हा मागितला.

पाहुणे निघायच्या दिवशी शेफाली हिदल बांधायला बसली. आधी केळीचं पान, मग प्लॅस्टिक, मग डबा. सुप्रभाबाई खोलीच्या दुसऱ्या टोकाला नाक धरून उभ्या होत्या.

"आमच्या गच्चीवर एक जुनी शेगडी आहे," त्या म्हणाल्या. "तिथे करेल ती. मी खाणार नाही, आधीच सांगते. वाऱ्याच्या उलट बाजूला खुर्ची टाकून बसेन, म्हणजे तिला एकटीला जेवायला लागणार नाही."

शेफालीचे हात थांबले. इतकी वर्षं देवाकडे लेकीसाठी काय काय मागितलं होतं, पण हे मागायचं तिला कधी सुचलंच नव्हतं.

"डब्यावर अजून एक पिशवी घाला," सुप्रभाबाई म्हणाल्या. "आणि कंजुषी करू नका हो, जरा जास्तच भरा."